मोडनिंबहून कळसूबाई-भंडारदरा : कधी जावं, काय जपावं

मोडनिंब : महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आहे. मोडनिंबहून टेंभुर्णी, करमाळा, अहिल्यानगर, संगमनेर, अकोले, राजूर मार्गे पायथ्याच्या बारी गावात जाता येतं.

चढाई : ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा काळ. वाटेत लोखंडी शिड्या, माथ्यावर कळसूबाईचं मंदिर. पहाटेच निघावं, पाणी सोबत घ्यावं.

पावसाळा : कातळ निसरडा होतो. विजा चमकत असतील तर चढूच नये. साम्रदच्या सांधण दरीत पाणी अचानक वाढतं, तिथं उतरू नये. सपाट रानात वावरणाऱ्यांना याचा अंदाज येत नाही.

जवळपास : प्रवरेवरचं १९२६ चं भंडारदरा धरण, रंधा धबधबा.

धुक्यात वाट दिसेना झाली की माघारी फिरावं. शिखर कुठं पळून जात नाही.