जुन्या जीपचं हँडल जोरात हलतं? डँपर घेण्याआधी ही तपासणी करा

जुनी जीप चालवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. गाडी पन्नास-साठच्या वेगात असते. पुढचं एक चाक खड्ड्यात किंवा पुलाच्या सांध्यावर आपटतं आणि हँडल अचानक डावीकडे-उजवीकडे इतक्या जोरात हलू लागतं की हातात धरवत नाही. खड्डा मागे पडला तरी ते थांबत नाही. वेग बराच कमी केल्यावरच गाडी शांत होते. गॅरेजवाले म्हणतात, ‘गाडी वॉबलिंग मारते.’ इंग्रजीत याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात.

महिंद्रने १९४७ मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्याच घराण्यातल्या सीजे, एमएम ५४०, कमांडर अशा गाड्या आजही आपल्याकडे शेतात, घाटात, काही ठिकाणी वडापला धावतात. त्यात घरची माणसं बसतात, शाळेची मुलं बसतात. म्हणून हा विषय फक्त हौशी लोकांचा नाही. त्यावर बहुतेक ठिकाणी एकच औषध सुचवलं जातं, ‘नवीन डँपर टाका’. आमचं म्हणणं असं की डँपर हा शेवटचा उपाय आहे. आधी ढिलाई कुठे आहे ते शोधलं पाहिजे.

चालू गाडीत हे झालं तर

अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. हँडल दोन्ही हातांनी धरा, पण अंगठे आत अडकवू नका. झटक्याने अंगठा मुरगळतो. कचकन ब्रेक मारू नका आणि हँडल जोराने उलट फिरवू नका. मागची वाहनं बघत हळूहळू वेग उतरवा आणि डाव्या कडेला थांबा. चाकाचे नट, टायर आणि हँडलचे रॉड नजरेने बघून घ्या. त्यानंतर गाडी कमी वेगातच घरी किंवा गॅरेजला न्या. ‘आता थांबलं ना, चला’ असं करू नका. प्रत्येक झटक्यात आधीच झिजलेले भाग आणखी सैल होतात.

हे होतं कशामुळे?

या गाड्यांचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड असतो आणि पाट्यांवर बसलेला असतो. एक चाक उचललं गेलं की पूर्ण अ‍ॅक्सल तिरका होतो. वेगाने फिरणारं चाक असं तिरकं झालं की ते बाजूलाही वळू बघतं. टाय रॉडमुळे दुसरं चाकही त्याच्याबरोबर वळतं. सगळे सांधे घट्ट असतील तर हा झटका तिथेच जिरतो. कुठे ढिलाई असेल तर चाकं परत येताना मधोमध थांबत नाहीत, पलीकडे जातात, पुन्हा परततात, आणि झुल्यासारखं सुरू राहतं. ही कुठल्या एका कंपनीची खोड नाही. अखंड पुढचा अ‍ॅक्सल असलेल्या कुठल्याही गाडीत हे होऊ शकतं.

इतर थरथर यापासून वेगळी ओळखा. फक्त ब्रेक दाबल्यावर हँडल हलत असेल तर ब्रेकचे ड्रम किंवा डिस्क बघा. ठराविक वेगाला बारीक थरथर येऊन पुढे निघून जात असेल तर बहुतेक वेळा चाकांचं बॅलन्सिंग बिघडलेलं असतं.

तपासणीचा क्रम

सोप्या आणि स्वस्त गोष्टीपासून सुरू करा.

*१. टायर आणि रिम.* दोन्ही पुढच्या टायरांची हवा सारखी करा. फुगवटा, एका बाजूची झीज, वाकलेली रिम बघा. रिमच्या आत सुकलेला चिखल असेल तर तो खरवडून काढा. तेवढ्यानेही बॅलन्स बिघडतो. मग पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकून बघा. फरक पडला तर टायरचा हात आहे. मात्र टायर बऱ्याचदा फक्त ठिणगी टाकतो, दारू दुसरीकडे भरलेली असते. म्हणून इथेच थांबू नका.

*२. हँडलचे सांधे.* यासाठी दोन माणसं लागतात. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकं खाली. एकाने हँडल थोडं थोडं डावीकडे-उजवीकडे भराभर हलवायचं. दुसऱ्याने खाली बसून एकेका सांध्यावर बोट ठेवायचं: ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, टाय रॉड एंड, पिटमन आर्म. रॉड हलतो पण त्याला जोडलेला आर्म उशिरा हलतो, तिथे झीज आहे. जुन्या सीजे गाड्यांत पुढच्या आडव्या चॅसिसवर बेलक्रँक असतो. त्याची पिन आणि बेअरिंग झिजलेलं असणं ही जुनी, ओळखीची तक्रार. स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट आणि तिथल्या चॅसिसला गेलेली चीरही याच वेळी दिसते. बॉक्स स्वतःच हलत असेल तर नवीन टाय रॉड एंड घालून काय उपयोग?

*३. व्हील बेअरिंग आणि किंगपिन.* अ‍ॅक्सल जॅकवर उचला आणि खाली भक्कम स्टँड लावा. नुसत्या जॅकवर हात घालू नका. चाक वर आणि खाली धरून, म्हणजे घड्याळात बारा आणि सहाच्या जागी, हलवून बघा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर व्हील बेअरिंग सैल आहे. ब्रेक दाबूनही हलतं तर किंगपिनमध्ये खेळ आहे.

जुन्या फोर व्हील जीपमध्ये चाकाच्या आत गोळा असतो. त्याच्या वर-खाली किंगपिनचे टेपर बेअरिंग बसतात आणि कॅपखाली पातळ शिम असतात. बेअरिंग चांगले असतील तर शिम कमी करून ते पुन्हा आवळता येतात. खड्डे पडलेले बेअरिंग मात्र बदलावेच लागतात. आवळताना अंदाजाने काम करू नका. टाय रॉड सोडायचा, आर्मला स्प्रिंग काटा अडकवून ओढायचं आणि किती जोर लागतो ते बघायचं. किती लागला पाहिजे ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. फार सैल ठेवलं तर थरथर येते, फार आवळलं तर हँडल जड होतं आणि बेअरिंग लवकर जातं.

*४. पाटे, बुश आणि यू-बोल्ट.* यू-बोल्ट ढिले असतील तर अ‍ॅक्सल पाट्यावर सरकतो. पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटलेला असतो आणि वरून कळतही नाही. शॅकलचे बुश झिजले तर पूर्ण अ‍ॅक्सल आडवा हलतो. नवीन पाटे बसवले असतील तर काही दिवस गाडी चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळा. पाटे बसले की ते हमखास सैल होतात.

*५. अलाइनमेंट.* सगळी ढिलाई काढल्यावरच हे करा, आधी केलं तर पैसे वाया. टो-इन घरीही मोजता येतो: दोन्ही टायरांच्या मधोमध खडूची रेघ मारा, हबच्या उंचीवर पुढून आणि मागून अंतर मोजा. विलीज घराण्यात पुढचं अंतर मागच्यापेक्षा साधारण १ ते २.५ मिलिमीटर कमी असावं. कॅस्टर म्हणजे किंगपिनचा मागे कललेला कोन. याच गाड्यांत तो साधारण ३ अंश असतो. सायकलचा फोर्क तिरका असतो तसंच हे, त्यामुळे चाक सरळ येतं. तो कमी झाला तर गाडी भटकते, प्रमाणाबाहेर वाढला तरी थरथर येते. म्हणून तो मोजूनच ठरवायचा.

उंच केलेल्या गाड्या

शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल आणि गाडी उंच करायला लांब शॅकल टाकले असतील, तर अ‍ॅक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. वर मोठे, जड टायर आणि बाहेर आलेली रिम असली की जुन्या सांध्यांवर ताण आणखी वाढतो. कॅस्टर थोडा कमी असेल तर पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखी शिम घालून तो दुरुस्त होतो. जास्त फरक असेल तर मूळ मापाचे शॅकल परत बसवणं शहाणपणाचं. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, हेही ध्यानात ठेवा.

मग डँपर कशाला?

आमच्या घरच्या जीपचा किस्सा सांगतो. एका गॅरेजमध्ये दोनदा डँपर बदलला. दोन्ही वेळा महिनाभर गाडी मस्त चालली, मग पुन्हा तेच. शेवटी एका जुन्या मिस्त्रींनी चाक उचलून, ब्रेक दाबून बघितलं. डाव्या बाजूचा किंगपिन खुळखुळत होता. बेअरिंग बदलले, शिम बसवले आणि विषय संपला. डँपरने दुखणं झाकलं होतं, तेवढ्या काळात किंगपिन मात्र झिजतच राहिला.

डँपर वाईट नाही. रस्त्याचे छोटे झटके तो जिरवतो, आणि मूळ गाडीत असेल तर तो चांगल्या स्थितीत हवाच. पण नवा डँपर घातल्यावरच गाडी सरळ चालत असेल तर आजार आत शिल्लक आहे, असं समजा.

काम झाल्यावर प्रत्येक कॅसल नटला नवीन स्प्लिट पिन घाला, सगळीकडे ग्रीस मारा. मग मोकळ्या रस्त्यावर, एकट्याने, कमी वेगापासून हळूहळू वाढवत गाडी तपासा. घरच्यांना किंवा प्रवाशांना त्यानंतरच बसवा. गॅरेजला गाडी देताना नुसतं ‘वॉबलिंग काढा’ म्हणू नका. ‘कुठला भाग ढिला आहे ते आधी मला हलवून दाखवा,’ असं सांगा. चांगला मिस्त्री आनंदाने दाखवेल.