मालाड : धोकादायक इमारती आणि पुनर्विकास

मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 354 खाली जिला नोटीस निघते ती पालिकेच्या लेखी 'धोकादायक इमारत'. पश्चिम रेल्वेवरचे मालाड 1957 साली बृहन्मुंबईत आले आणि त्याचा कारभार दीर्घकाळ पालिकेच्या पी उत्तर विभागाकडे राहिला. 2011 च्या जनगणनेत या एका विभागाची वस्ती नऊ लाखांच्या वर होती. धोकादायक घरांचा प्रश्न इथे एकाच प्रकारचा नाही. स्टेशनच्या दोन्ही अंगांना पागडीच्या जुन्या इमारती आणि साठ-सत्तरच्या दशकांतल्या गृहनिर्माण संस्था आहेत. पश्चिमेला मालवणीत कलेक्टरच्या जमिनीवर उभी राहिलेली दाट वस्ती आहे. पूर्वेला कुरार, आप्पापाडा, पिंपरीपाडा या वस्त्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरउतारावर चढत गेल्या आहेत. या सगळ्यांना लागू होणाऱ्या कायद्यात एक मूलभूत उणीव आहे. इमारत रिकामी करण्याचा आणि पाडण्याचा अधिकार पालिकेला आहे, पण तिथून बाहेर पडणाऱ्यांना छप्पर देण्याचे आणि तीच जागा ठरलेल्या मुदतीत पुन्हा बांधून घेण्याचे बंधन उपनगरात कोणावरही नाही. मालाडमधल्या इमारतींची हेळसांड मुख्यतः या उणिवेतून वाढते. मालकाची हाव आणि रहिवाशांचा हट्ट ही कारणे खरी असली तरी दुय्यम आहेत.

इमारत जीर्ण होते ती एका दिवसात नाही. मालाडच्या खाणीतला पिवळसर दगड दक्षिण मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंतींत शंभर वर्षे उलटून गेली तरी शाबूत आहे. खुद्द मालाडच्या रहिवाशांच्या वाट्याला आले ते सळई-सिमेंटचे बांधकाम, आणि तेही पुष्कळदा घाईचे. गच्चीतून किंवा न्हाणीघरातून पाणी झिरपते, खाडीकडून येणारी खारी हवा त्यात भर घालते आणि स्लॅबमधली सळई गंजू लागते. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेते, म्हणून काँक्रीट आतून फुटते. आधी छतावर बारीक रेघ दिसते, मग गिलाव्याला फुगवटा येतो, मग स्वयंपाकघरात ओट्यावर पोपडा पडतो. रहिवासी तिथे सिमेंट थापून रंग देतात आणि गंज रंगाखाली चालूच राहतो. म्हणूनच अधिनियमाच्या कलम 353-ब ने तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी सक्तीची केली. त्या 'ऑडिट'वरून इमारतीची वर्गवारी होते. सी-1 म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची, सी-2अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची, सी-2ब म्हणजे माणसे आत राहू देऊन दुरुस्ती करायची आणि सी-3 म्हणजे किरकोळ डागडुजी. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पालिका सी-1 इमारतींची यादी जाहीर करते. मे 2024 च्या यादीत 188 इमारती होत्या. त्यांपैकी शहरात 27, पूर्व उपनगरांत 47 आणि पश्चिम उपनगरांत 114. मालाड ज्या पट्ट्यात येते त्या पश्चिम उपनगरांचा वाटा निम्म्याहून अधिक होता.

सी-1 ठरलेल्या इमारतीच्या जिन्याशी नोटीस चिकटवली जाते. रहिवासी हलले नाहीत तर पाणी तोडले जाते, मग वीज, आणि शेवटी पोलिसांच्या मदतीने इमारत रिकामी केली जाते. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 साली या कार्यवाहीची चौकट घालून दिली. दोन ऑडिट अहवाल परस्परविरोधी असतील तर पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीने निवाडा करायचा, आणि पाडण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातील क्षेत्रफळाची नोंद करायची, असे तिचे स्वरूप आहे. इमारत कोसळल्याने किंवा पाडल्याने भाडेहक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी स्पष्ट केले. कागदावर भाडेकरू सुरक्षित आहे. तरीही तो बाहेर पडत नाही, आणि त्याला अडाणी किंवा आडमुठा म्हणण्याआधी त्याचा हिशेब समजून घ्यायला हवा. घर सोडले की ताबा जातो. नवी इमारत कधी उभी राहील याची तारीख कोणी देत नाही. मालकाला महिन्याकाठी नाममात्र पागडीचे भाडे मिळते, त्यामुळे त्याला दुरुस्ती परवडत नाही आणि रिकामी जमीन मात्र परवडते. भाडेकरूने मधल्या काळातले घरभाडे बाजारदराने स्वतःच्या खिशातून भरायचे. हक्क शाबूत असला तरी तो बजावण्यासाठी वर्षानुवर्षे दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. अशा स्थितीत पडक्या छताखाली राहणे हा त्याला दोन संकटांतला कमी महागाचा पर्याय वाटतो. मग दुसरे ऑडिट आणले जाते. कुर्ल्याच्या नाईक नगरमधल्या ज्या इमारतीला 2013 मध्ये नोटीस गेली होती, ती पुढच्या ऑडिटमध्ये दुरुस्तीयोग्य ठरली, लोक राहत राहिले आणि जून 2022 मध्ये ती कोसळून 19 जण दगावले. ज्याला बाहेर जायला जागा नाही तो आपल्याला हवा तसा अहवाल शोधणारच, हे नोटीस काढणाऱ्या यंत्रणेने गृहीतच धरायला हवे.

बेटावरच्या शहरात, म्हणजे कुलाबा ते माहीम-शीव पट्ट्यात, हाच प्रश्न शासनाने पन्नास वर्षांपूर्वी वेगळ्या रीतीने हाताळला. 1969 च्या कायद्याने जुन्या भाडेकरू इमारतींवर दुरुस्ती-उपकर बसवला. त्या वेळी अशा 19,642 इमारती होत्या. त्यांच्यासाठी दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले. ते पुढे म्हाडाचा भाग बनले. रहिवासी उपकर भरतो आणि त्या बदल्यात दुरुस्ती, संक्रमण शिबिर आणि पुनर्बांधणी यांसाठी दाद मागायला त्याच्याकडे एक जबाबदार संस्था असते. मालाडची पागडीची इमारत त्याच भाडे कायद्याखालची, तशाच कोंडीत सापडलेली. पण ती माहीमच्या पुलापलीकडे असल्याने 'उपकरप्राप्त' नाही. तिच्यासाठी मंडळ नाही, शिबिर नाही, फक्त विभाग कार्यालयाची नोटीस आहे. 1969 साली उपनगरातल्या इमारती तरुण होत्या, म्हणून ही रेषा तेव्हा समजण्यासारखी होती. आज त्या म्हाताऱ्या झाल्या आहेत आणि रेषा जागची हललेली नाही.

उपनगरासाठी शासनाने जो मार्ग ठेवला तो बाजाराचा आहे. 2018 साली अमलात आलेल्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 मध्ये उपकर नसलेल्या भाडेकरू इमारतींसाठी विनियम 33(7)(अ) आहे. भाडेकरूंच्या पुनर्वसनाला लागणाऱ्या चटईक्षेत्रावर विकासकाला 50 टक्के प्रोत्साहनपर क्षेत्र, असे त्याचे गणित आहे. गृहनिर्माण संस्थांसाठी 33(7)(ब) आहे. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79-अ खाली 2009 मध्ये आणि पुन्हा 4 जुलै 2019 रोजी निघालेल्या निर्देशांनी बिल्डर निवडीची पद्धत ठरवली. नव्या निर्देशांत एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती पुरेशी झाली. जमीन संस्थेच्या नावावर नसली तर मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे लोक ज्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात त्याची, सोय 2008 च्या दुरुस्तीने झाली. हा मार्ग निरुपयोगी नाही. मालाड पश्चिमेला रस्त्यालगतच्या, कागदपत्रे साफ असलेल्या पुष्कळ संस्था याच वाटेने नव्या इमारतींत गेल्या. पण बाजार फायदा दिसेल तिथेच जातो. चिंचोळा भूखंड, भावाभावांतले मालकीचे दावे, आधीच वापरून संपलेले चटईक्षेत्र, अरुंद गल्ली, यांतले एखादे कारण पुरते आणि बिल्डर फिरकत नाही. मालाड-कांदिवली पूर्वेला लष्कराच्या आयुध भांडाराच्या शेजारी राहणाऱ्यांची अडचण तर त्यांच्या हातातलीच नाही. संरक्षण मंत्रालयाच्या 2011 च्या परिपत्रकाने अशा आस्थापनांलगतच्या बांधकामांवर अंतराच्या अटी आल्या आणि 2016 मध्ये काही शिथिलता आली तरी ना हरकत दाखल्याचा गुंता अनेक संस्थांना अडवून राहिला. चटईक्षेत्र कितीही वाढवून दिले तरी या कुटुंबांच्या डोक्यावरचा स्लॅब त्याने मजबूत होत नाही.

मालाडमधल्या दोन मोठ्या दुर्घटना या चौकटीच्या बाहेरच घडल्या, आणि म्हणून त्या अधिक बोलक्या आहेत. 2 जुलै 2019 रोजी मध्यरात्रीनंतर पिंपरीपाडा-आंबेडकर नगर इथे पालिकेच्याच मालाड टेकडी जलाशयाची संरक्षक भिंत मुसळधार पावसात झोपड्यांवर कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. भिंत जुनी नव्हती. तिला कोणतीही वर्गवारी लागू होत नव्हती. झोपड्या वनजमिनीवर होत्या आणि राष्ट्रीय उद्यानातील पात्र कुटुंबांचे अन्यत्र पुनर्वसन करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश 1997 पासूनचा. 9 जून 2021 च्या रात्री मालवणीत न्यू कलेक्टर कंपाउंडमध्ये वाढीव मजल्यांचे एक घर शेजारच्या घरावर कोसळले; 12 जण मेले, त्यांतली 8 मुले होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन निवृत्त न्यायमूर्ती जे. पी. देवधर यांच्याकडे चौकशी सोपवली. मालवणीत जमीन कलेक्टरची, अनधिकृत बांधकामावर कारवाई पालिकेने करायची, पुनर्वसन झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने. झोपडीला 14 फुटांपर्यंत उंचीची मुभा आहे. त्यावर दुसरा-तिसरा मजला चढतो तो भाड्याच्या खोलीला गिऱ्हाईक असते म्हणून. तिथे राहणारा भाडेकरू कोणत्याच यंत्रणेच्या यादीत 'पात्र' नसतो. तीन यंत्रणांनी वाटून घेतलेल्या कामात तोच नेमका कोणाच्या वाट्याला येत नाही.

उपकराचे तत्त्व उपनगरापर्यंत न्यावे, सी-1 नोटिशीबरोबरच घरभाडे किंवा संक्रमण सदनिका द्यावी आणि मालकाने ठरावीक मुदतीत बांधकाम सुरू केले नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला तो हक्क मिळावा, हा यातून निघणारा उपाय. त्यावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला पैशाचा. पण पालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटी रुपयांचा होता आणि पुनर्विकासाच्या प्रत्येक प्रस्तावातून वाढीव चटईक्षेत्राचे अधिमूल्य तिच्या तिजोरीत येते. त्या रकमेचा ठरावीक हिस्सा त्याच विभागातल्या सी-1 रहिवाशांसाठी राखून ठेवणे अवघड नाही. भाड्याचा पायंडाही आहे. माहुलला पाठवलेल्या तानसा जलवाहिनीबाधित कुटुंबांना दरमहा 15,000 रुपये भाडे द्यावे, असा आदेश उच्च न्यायालयाने 2019 मध्ये दिला होता. दुसरा आक्षेप असा की सरकारने जबाबदारी घेतली की मालक मुद्दाम इमारत सडू देतील. ते तर आजही सडू देतात, कारण पडलेली इमारत त्यांना उभ्या इमारतीपेक्षा फायद्याची आहे. मुदतीनंतर विकासाचा हक्क हातून जाणार असेल तरच हा फायदा संपेल. तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे. उपकराचे मंडळ शहरात तरी कुठे यशस्वी झाले? संक्रमण शिबिरांत लोकांच्या पिढ्या गेल्या, हे खरे आहे. स्वतः मालक असतानाही पालिकेला माणसे वाचवता आली नाहीत, हेही खरे. सप्टेंबर 2013 मध्ये माझगावला पालिकेच्याच मालकीची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून 61 जण गेले, आणि त्यांत पालिका कर्मचाऱ्यांची कुटुंबे होती. मात्र या अपयशांवरून मुदत, देखरेख आणि उत्तरदायित्व घट्ट करण्याची गरज सिद्ध होते. उपनगराला काहीच देऊ नये, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. शहरातला रहिवासी निदान मंडळाला जाब विचारू शकतो. मालाडचा रहिवासी नगरसेवकाकडे जायचा, तर मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर दीर्घ काळ पालिकेचा कारभार प्रशासकाकडे होता आणि तो दरवाजाही बंद होता. उरतो अनधिकृत बांधकामाला बक्षीस मिळण्याचा आक्षेप. तात्पुरते भाडे म्हणजे मालकी हक्क नव्हे. माणूस ढिगाऱ्याखालून बाहेर काढताना त्याची कागदपत्रे कोणी तपासत नाही. इमारत पडण्यापूर्वी त्याला बाहेर काढतानाही ती अट नसावी.

कायदा बदलेपर्यंत रहिवाशाने करायच्या गोष्टी दोन. इमारतीला तीस वर्षे झाली असतील तर रंगकाम थांबवून आधी ऑडिट करून घ्यावे आणि त्याचा अहवाल संस्थेच्या सभेत वाचून दाखवायला लावावा. आणि सी-1 ची नोटीस आली असेल तर जीव धोक्यात घालून थांबू नये. मात्र बाहेर पडण्यापूर्वी विभाग कार्यालयाकडून आपल्या खोलीचे मोजमाप करून, भाडेकरूचे नाव आणि क्षेत्रफळ लिहिलेला सही-शिक्क्याचा दाखला हातात घ्यावा. नव्या इमारतीत किती चौरस फूट मिळायचे, हे पुढे त्याच दाखल्यावरून ठरते.