माँटगमरी : पायी चाललेले एक वर्ष

इतिहास पुढाऱ्यांची नावे जपतो. चालणाऱ्यांची नावे आम्हांला शोधावी लागतात.

अमेरिकेच्या दक्षिणेतील अलाबामा राज्याची राजधानी माँटगमरी. येथील बसमध्ये पुढची आसने गोऱ्यांची. ती भरली की काळ्या उतारूंनी मधली आसनेही सोडायची, असा दंडक होता. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स उठल्या नाहीत. त्यांना अटक झाली. त्या रात्री प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांनी बहिष्काराची हजारो पत्रके छापली.

५ डिसेंबरपासून काळ्या समाजाने बस सोडली. मोलकरणी, मजूर मैलोन्‌मैल पायी कामावर जाऊ लागले. ज्यांच्याकडे मोटारी होत्या, त्यांनी त्या समाजासाठी दिल्या. जानेवारी १९५६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, फेब्रुवारीत पुढाऱ्यांवर खटले भरले गेले. तरीही बस रिकाम्याच धावल्या.

न्यायालयात बाजी मारली ती चार स्त्रियांनी : ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅक्डोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कोल्विन. कोल्विन पार्क्स यांच्याआधी नऊ महिने, पंधराव्या वर्षी, आसन न सोडल्याबद्दल पकडली गेली होती. तेव्हा तिच्या नावाने लढा उभारणे पुढाऱ्यांनी टाळले होते. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या चौघींच्या बाजूचा निकाल कायम केला. २१ डिसेंबरला लोक पुन्हा बसमध्ये चढले आणि हव्या त्या आसनावर बसले.

हक्क न्यायालयाने दिला, हे खरे. परंतु तोवर वर्षभर त्याची किंमत थकलेल्या पायांनी मोजली होती. कोणत्याही समाजाचा लढा लिहिताना हा हिशेब आम्ही विसरू नये.