शोधनिबंध कोणाचा? : मुक्त उपलब्धतेच्या चळवळीचा मागोवा

6 मार्च 1665 रोजी लंडनमध्ये हेन्री ओल्डेनबर्ग याने 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' या नियतकालिकाचा पहिला अंक काढला. ओल्डेनबर्ग हा रॉयल सोसायटीचा चिटणीस. युरोपभरच्या अभ्यासकांशी त्याचा पत्रव्यवहार चाले. त्यातला निवडक मजकूर तो छापू लागला. यातून पुढे विद्वानांच्या जगात एक अलिखित करार रूढ झाला. संशोधकाने आपला शोध सर्वांपुढे मांडायचा आणि त्याबदल्यात तो प्रथम कोणी लावला याची नोंद छापील पानावर राहायची. कादंबरीकार मानधनाची अपेक्षा ठेवतो व ती रास्तच असते. शोधनिबंधाचा लेखक मात्र वाचले जाण्याची आणि उल्लेखिले जाण्याची अपेक्षा ठेवतो. मुक्त उपलब्धतेचा, म्हणजे 'ओपन ॲक्सेस'चा, सारा युक्तिवाद या एका भेदावर उभा आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कराराचे स्वरूप पालटले. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारे संशोधनावर मोठा खर्च करू लागली, नवनव्या ज्ञानशाखा निघाल्या आणि रॉबर्ट मॅक्सवेलच्या 'पर्गमन प्रेस'सारख्या प्रकाशनसंस्थांनी प्रत्येक शाखेसाठी स्वतंत्र नियतकालिके काढली. या व्यापाराचे वैशिष्ट्य असे, की एका शोधनिबंधाला दुसरा पर्याय नसतो. एक नियतकालिक महाग झाले म्हणून ग्रंथपालाला त्याऐवजी दुसरे स्वस्त नियतकालिक घेऊन भागवता येत नाही. संशोधनाचा खर्च बहुधा जनतेच्या पैशातून व्हायचा, लेखक विनामूल्य लिहायचा, परीक्षक विनामूल्य तपासायचा. आणि तोच मजकूर विद्यापीठाचे ग्रंथालय वर्गणी भरून विकत घ्यायचे. वर्गण्या वाढत गेल्या तशी ग्रंथालयांची नियतकालिके बंद होऊ लागली. पुस्तकखरेदीलाही कात्री लागली. तिची झळ मानव्यविद्यांना अधिक बसली, कारण आपले बरेचसे संशोधन ग्रंथरूपानेच येते.

प्रतिकाराची सुरुवात भौतिकशास्त्रात झाली. तेथील अभ्यासक छापून येण्यापूर्वीच आपले लेख टपालाने एकमेकांना धाडत असत. ऑगस्ट 1991 मध्ये लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेत पॉल गिन्स्पार्ग यांनी या प्रथेला संगणकीय रूप दिले. तेच पुढे 'अर्काइव्ह' या नावाने ख्यात झाले. शिक्षणशास्त्राची वाट याहून निराळी होती. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने 1960 च्या दशकातच 'एरिक' ही योजना सुरू करून अहवाल, परिषदांतील निबंध असे विखुरलेले साहित्य एकत्र नोंदवायला व सूक्ष्मपटांवर उपलब्ध करून द्यायला आरंभ केला होता. ब्राझीलमध्ये 1997 साली 'सायेलो' हा उपक्रम सुरू झाला. पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांतील नियतकालिके त्याने जगापुढे विनामूल्य ठेवली. इंग्रजीबाहेरच्या भाषांनाही या चळवळीत स्थान आहे, हे त्यामुळे सिद्ध झाले.

14 फेब्रुवारी 2002 रोजी बुडापेस्टचे निवेदन प्रसिद्ध झाले आणि या सर्व प्रयत्नांना एक नाव व एक व्याख्या मिळाली. मार्ग दोन सांगितले गेले : लेखकाने आपल्या लेखाची प्रत खुल्या भांडारात ठेवावी, किंवा नियतकालिकच खुले असावे. ऑक्टोबर 2003 मधील बर्लिनच्या जाहीरनाम्याने मानव्यविद्यांचा स्पष्ट उल्लेख केला आणि ग्रंथालये, दप्तरखाने व संग्रहालये यांतील वारशालाही खुलेपणाच्या कक्षेत आणले.

खुले नियतकालिक चालवायचे तर पैसा कोठून आणायचा? त्याच वर्षी निघालेल्या 'प्लॉस बायॉलॉजी'ने वाचकाऐवजी लेखकाकडून, म्हणजे प्रत्यक्षात त्याच्या अनुदानातून, प्रत्येक लेखामागे 1500 डॉलर घेतले. मोठ्या व्यापारी प्रकाशकांनी ही युक्ती लवकरच आत्मसात केली. 'नेचर'ने 2021 पासून खुल्या प्रकाशनासाठी लावलेला दर 9500 युरो होता. वाचकाच्या दारावरचे कुलूप निघाले आणि ते लेखकाच्या दाराला लागले. ज्याला अनुदान नाही अशा साहित्याच्या अभ्यासकाने या व्यवस्थेत लिहायचे कोठे, याचे समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही.

भारत सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना संमत केली. तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपये, 30 प्रकाशक आणि सुमारे 13,000 नियतकालिके. केंद्र व राज्य सरकारांच्या संस्थांतील विद्यार्थ्यांची यामुळे मोठी सोय होईल, हे मान्य करायला हवे. पण ही वर्गणी आहे, मुक्त उपलब्धता नव्हे. संस्थेबाहेरचा अभ्यासक, निवृत्त शिक्षक, हौशी इतिहाससंशोधक हे सगळे पूर्वीप्रमाणेच बाहेर राहतात.

मराठीच्या संदर्भात ही उणीव विशेष जाणवते, कारण आपल्याकडचे पायाभूत संशोधन अनेकदा विद्यापीठांबाहेरच झाले. 1878 मध्ये निघालेल्या 'काव्येतिहाससंग्रहा'ने खाजगी दप्तरांतल्या बखरी आणि जुनी कविता मासिकातून छापली. राजवाड्यांनी 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत प्रसिद्ध केली. मूळ कागद सर्वांना पाहता आला तरच निष्कर्षाची तपासणी होऊ शकते, हे तत्त्व त्यामागे होते. ते बुडापेस्टहून आयात झालेले नाही.

आज विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमावलीनंतर उभ्या राहिलेल्या 'शोधगंगा' या भांडारात मराठीतले प्रबंधही कोणालाही वाचता येतात. मात्र त्यांतले काही नुसत्या छायाप्रती आहेत, तर काहींची अक्षरजुळणी युनिकोडपूर्व टंकांत झालेली आहे. अशा पानांत 'ओवी' हा साधा शब्दही शोधून सापडत नाही. जे सापडते ते कधीकधी अडचणीचेही असते. एकाच विषयावरची, एकाच मांडणीची प्रकरणे शेजारीशेजारी उघडून पाहता येऊ लागली, की पुनरुक्ती व उसनवारी लपत नाही. कपाटातला प्रबंध पदवी मिळाली की विसरला जाई. खुल्या भांडारातल्या प्रबंधाला वाचक भेटू शकतो. मराठी संशोधनाला अनुदानाइतकीच या वाचकाचीही गरज आहे.