अमेरिकेतील प्रवेश : लवकर अर्ज करण्याचा लाभ कोणाला?

अमेरिकेतील पदवी अभ्यासक्रमांचे वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात. मात्र तेथील अनेक नामवंत खासगी महाविद्यालयांतील जागांचा मोठा हिस्सा त्याआधीच्या डिसेंबरमध्येच निश्चित झालेला असतो. बारावीच्या निकालानंतर प्रवेशाची धावपळ करण्याची सवय असलेल्या आपल्याकडील कुटुंबांना हे वेळापत्रक अनेकदा उशिरा उमगते.

नियमित फेरीचे अर्ज साधारणतः जानेवारीच्या प्रारंभी स्वीकारले जातात आणि निकाल मार्चअखेरीस लागतो. लवकरच्या फेरीत बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबरपर्यंत अर्ज करावा लागतो. निर्णय डिसेंबरच्या मध्यास कळतो. या फेरीचे मुख्य प्रकार दोन. 'अर्ली डिसिजन' हा बंधनकारक प्रकार होय. तो एकाच महाविद्यालयासाठी वापरता येतो आणि प्रवेश मिळाल्यास तो स्वीकारून अन्य अर्ज मागे घ्यावे लागतात. या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्याही सह्या असतात. 'अर्ली ॲक्शन'मध्ये असे बंधन नसते. विद्यार्थी १ मेपर्यंत निर्णय घेऊ शकतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व स्टॅनफर्ड यांची पद्धत बंधनकारक नाही. मात्र त्यांच्याकडे लवकर अर्ज करणाऱ्याला सर्वसाधारणपणे दुसऱ्या खासगी विद्यापीठाच्या लवकरच्या फेरीत उतरता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठात अशी स्वतंत्र फेरीच नाही.

लाभ कोणते?

प्रवेश दिलेला विद्यार्थी येईलच याची महाविद्यालयाला खात्री नसते. बंधनकारक अर्जामुळे ती मिळते, म्हणून अशा अर्जदाराकडे झुकते माप जाते. ख्रिस्तोफर एव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स व रिचर्ड झेकहाउसर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, निवडक महाविद्यालयांत लवकर अर्ज करण्याचा फायदा 'सॅट' परीक्षेतील सुमारे १०० गुणांइतका होता. अर्थात, या फेरीतील यशाचे मोठे प्रमाण पाहून हुरळून जाऊ नये. खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुले याच फेरीत मोठ्या संख्येने अर्ज करतात.

दुसरा लाभ वेळेचा. डिसेंबरमध्ये प्रवेश निश्चित झाल्यास उरलेल्या अर्जांचे शुल्क वाचते, बारावीची परीक्षा शांतपणे देता येते आणि व्हिसा व निधीच्या तयारीस अवधी मिळतो. मात्र अंतिम गुण फारच घसरल्यास दिलेला प्रवेश रद्द होऊ शकतो. निर्णय पुढे ढकलला गेल्यास अर्जाचा नियमित फेरीत पुन्हा विचार होतो आणि विद्यार्थी बंधनातून मुक्त होतो.

किंमत कोणती?

बंधनकारक अर्ज करणाऱ्यास निरनिराळ्या महाविद्यालयांनी देऊ केलेल्या आर्थिक साहाय्याची तुलना करता येत नाही. संपन्न घरांना याची झळ लागत नाही. मध्यमवर्गीयांना ती लागते. ही पद्धत सधनांच्या पथ्यावर पडते, या कारणास्तव हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनी २००६ मध्ये आपली लवकरची फेरी बंद करण्याची घोषणा केली होती. पुढे २०११ मध्ये दोघांनीही ती बंधनाविना पुन्हा सुरू केली.

परदेशी विद्यार्थ्यांबाबत बहुतेक महाविद्यालये प्रवेश देतानाच त्यांची आर्थिक गरज विचारात घेतात. अर्जाच्या वेळी साहाय्य न मागितल्यास नंतर ते अनेक ठिकाणी मिळत नाही. साहाय्य अपुरे पडल्यास बंधनातून सुटका मागता येते. पण ती वेळ येण्यापूर्वीच घरातील हिशेब झालेला बरा.

तयारी केव्हा?

नोव्हेंबरमध्ये बारावीचे गुण हाती नसतात. साहजिकच दहावी व अकरावीच्या गुणपत्रकांवर आणि शाळेच्या मूल्यमापनावर भर राहतो. 'कॉमन ॲप्लिकेशन' हा सामायिक अर्ज दरवर्षी १ ऑगस्टला खुला होतो. त्यामुळे शिक्षकांची शिफारसपत्रे, निबंध आणि आवश्यक असल्यास 'सॅट' यांची आखणी अकरावीतच करावी लागते.

थोडक्यात, एका महाविद्यालयावर मन पक्के झाले असेल आणि चार वर्षांच्या खर्चाचा मेळ बसत असेल, तर बंधनकारक अर्ज उपयुक्त ठरतो. ज्या घराचा निर्णय मिळणाऱ्या साहाय्यावर अवलंबून आहे, त्याने बंधन नसलेला लवकरचा अर्ज किंवा नियमित फेरी निवडणे अधिक शहाणपणाचे ठरते.