जळत्या घरातून काय उचलायचं?

'घराला आग लागली तर कोणती एकच वस्तू वाचवाल?' शिबिरांत हा प्रश्न खेळ म्हणून विचारतात. कुणी मोबाईल म्हणतं, कुणी आजीचा फोटो. यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. आग अपघाताने लागते आणि उचलायला वेळ मिळतो.

1978 च्या मराठवाड्यात तसं नव्हतं. 27 जुलैला विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगावच्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले. ते मातंग होते, हे 'नामांतर फक्त बौद्धांचं' म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

जाळणाऱ्यांना काय खुपत होतं? सोनं तर नव्हतंच तिथे. 1950 मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं. वस्तीतली पोरं शिकली, नोकरीला लागली, गावकीची कामं नाकारू लागली. खुपत होतं ते हे.

म्हणून आम्हाला पत्र्याच्या पेटीतले कागद मोलाचे वाटतात. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, असलाच तर सातबारा. धान्य उसनं मिळतं. दाखला जळाला तर दुसऱ्या प्रतीसाठी त्याच गावात, त्याच माणसांपुढे उभं राहायचं. जीव वाचवून शहरात आलेल्याने ते कसं करायचं?

नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला, साडेपंधरा वर्षांनी. त्या पेट्यांबद्दल विचारायला आम्हीही उशीरच केला. तुमच्या घरात तेव्हाचं कुणी असेल, तर त्यांना विचारा, निघताना हातात काय होतं.