हिवाळ्याची बेगमी

राष्ट्राच्या इतिहासात तळघरालाही स्थान असते असे म्हटले तर पुष्कळांस हसू येईल. लढाया, तह आणि कायदे ह्यांनी इतिहासग्रंथांची पाने भरून जातात. फडताळावर ओळीने मांडलेल्या बरण्यांची दखल कोण घेतो? परंतु अमेरिकेच्या मध्यभागातील विस्तीर्ण गवताळ प्रदेश ज्या कुटुंबांनी लागवडीस आणला, त्यांच्या दृष्टीने पाहू गेल्यास सरकारी सनदेइतकीच योग्यता ह्या बरण्यांचीही होती, असे आम्हांस वाटते.

२० मे १८६२ रोजी अध्यक्ष लिंकन ह्यांनी 'होमस्टेड' कायद्यावर सही केली. थोडीशी फी भरावी, १६० एकर जमीन घ्यावी, तीवर घर बांधून पाच वर्षे राहावे व ती कसावी, म्हणजे ती आपल्या मालकीची होते, असा त्या कायद्याचा मथितार्थ होता. पुढील सव्वाशे वर्षांत सुमारे १६ लक्ष कुटुंबांस व व्यक्तींस मिळून २७ कोटी एकर जमीन अशा रीतीने मिळाली. जमीन जवळजवळ फुकट होती हे खरे; पण पाच वर्षे तग धरणे हीच तिची किंमत होती. डाकोटा किंवा नेब्रास्का प्रांती हिमकडाका सुटला की जेमतेम चार-पाच महिने जमीन पिकते. तेवढ्या अवधीत बारा महिन्यांचे अन्न उभे करावे लागे, आणि बाजारगाव तर कित्येक मैलांवर.

ही भूमी निर्जन मात्र नव्हती. मिसूरी नदीच्या काठी हिदात्सा लोक पिढ्यानुपिढ्या मका, घेवडा, भोपळा व सूर्यफूल पिकवीत आले होते. त्यांच्यातील एका वृद्ध स्त्रीने गिल्बर्ट विल्सन ह्यांस सांगितलेली शेतीची समग्र हकीकत १९१७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. इंग्रजीत ती 'बफेलो बर्ड वुमन' ह्या नावाने ओळखली जाते. भोपळ्याच्या चकत्या काड्यांत ओवून माचांवर वाळविणे, कणसांच्या वेण्या घालणे, अरुंद तोंडाचे खोल पेव खणून त्यात आतून गवत लावून धान्य साठविणे, हे सर्व तीत बारकाईने वर्णिले आहे. १८८७ च्या डॉज कायद्याने मूलनिवासी जमातींच्या सामाईक जमिनीचे तुकडे पाडले व उरलेली जमीन पुष्कळ ठिकाणी नव्या वसाहतवाल्यांस खुली झाली. ज्यांची भूमी गेली त्यांचीच मका-घेवड्याची पिके नवागतांच्या परसात वाढली, हे ह्या इतिहासातील कटू सत्य वाचकांनी दृष्टीआड करू नये.

परसबागेचा भार बहुधा घरातील स्त्रीवर असे. वसंतात वाटाणा, कांदा व बटाटा. हिमाची भीती सरल्यावर टोमॅटो, घेवडा व मका. भर उन्हाळ्यात फळे उतरविणे. आणि शरदात कोबी बारीक चिरून मिठात मुरविणे, ही तिची कालगणना. गाजरे व सलगम तळघरातील वाळूत पुरून ठेवीत. डुकराचे मांस थंडी पडल्यावर खारवीत. अंडी व लोणी विकून मीठ, साखर व कापड येई. ह्या श्रमांचा हिशेब सरकारी दप्तरात कोठेही सापडावयाचा नाही. तथापि पुरुषाच्या नांगराइतकाच त्यांनीही दावा राखला.

ह्या जुन्या साधनांत एकोणिसाव्या शतकाने एका नव्या साधनाची भर घातली. निकोला आपेर नावाच्या फ्रेंच हलवायाने अन्न काचेच्या बाटल्यांत भरून, बुचे घट्ट बसवून, त्या उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत शोधून काढली. ती प्रसिद्ध करावी ह्या अटीवर १८१० साली त्यास फ्रेंच सरकारने १२,००० फ्रँक दिले. अन्न का टिकते हे त्याचे त्यास ठाऊक नव्हते. सूक्ष्म जीवांची उपपत्ती पास्तरने सांगेपर्यंत अर्धशतक लोटले. पुढे ३० नोव्हेंबर १८५८ रोजी जॉन लँडिस मेसन ह्या अमेरिकन कारागिराने आट्यांच्या झाकणाच्या बरणीचे पेटंट मिळविले. १८७९ साली त्याची मुदत सरली आणि अनेक कारखाने तशा बरण्या काढू लागले. रबराचे कडे व जस्ताचे झाकण ह्यांच्या योगाने उन्हाळ्यातील टोमॅटो माघात चुलीवर चढू लागला.

परंतु ह्या सुखात एक विष दडलेले होते. १८९५ साली बेल्जममधील एलझेल गावी खारविलेले डुकराचे मांस खाऊन काही वादक मंडळी आजारी पडली व त्यांतील तिघे दगावले. व्हॅन एर्मेंगेम ह्या शास्त्रज्ञाने त्यास कारण असलेला जंतू हुडकून काढला. ह्या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्यासही दाद देत नाहीत, आणि हवाबंद जागाच त्यांस मानवते. आंबट पदार्थांत त्यांचे काही चालत नाही. म्हणून टोमॅटो व फळे पुष्कळ अंशी सुरक्षित, पण घेवडा, मका व मांस धोक्याचे. आमच्याकडील कैरीचे लोणचे यंत्रावाचून टिकते तेही आम्ल आणि मीठ ह्यांच्याच बळावर. घेवड्यास मात्र दाबाखालील वाफेची सुमारे ११६ अंश सेंटिग्रेड उष्णता द्यावी लागते. डेन्व्हरसारख्या उंच ठिकाणी तर पाणी ९५ अंशांवरच उकळते. तेथे आईची रीत जशीच्या तशी चालविणे म्हणजे संकटास आमंत्रणच.

म्हणून येथे शिक्षणाची गरज उत्पन्न झाली. १९१० साली साउथ कॅरोलिनातील मेरी क्रोमर ह्या शिक्षिकेने मुलींची 'टोमॅटो मंडळी' स्थापिली. प्रत्येक मुलीने एक दशांश एकर लावावा व पीक बरण्या-डब्यांत भरून विकावे, अशी योजना होती. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने शेतकी महाविद्यालयांचे ज्ञान खेड्यांतील स्वयंपाकघरापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था केली, आणि १९१७ साली सरकारी कृषिखात्याने आंबट नसलेल्या भाज्यांसाठी दाबाच्या भांड्याचाच पुरस्कार केला. दुसऱ्या महायुद्धात कथील दुर्मिळ होऊन १९४३ साली डबाबंद अन्नावर नियंत्रण आले, तेव्हा हीच विद्या शहरांच्याही कामी आली. सुमारे दोन कोटी परसबागा त्या काळी लागल्या असे सांगतात. अध्यक्षांच्या निवासाच्या हिरवळीवरही एक वाफा खणला गेला. पुढे शीतपेटी आणि मोठी दुकाने आली व फडताळे रिती झाली. पण २०२० च्या महामारीत बियाणे व बरण्यांची झाकणे ह्यांचा अमेरिकेत तुटवडा पडला, तेव्हा ही गरज केवळ निजली होती हे दिसून आले.

होमस्टेडवरील कुटुंब म्हणजे स्वावलंबनाचा पुतळा, असे वर्णन वारंवार केले जाते. ते अर्धेच खरे आहे, असे आमचे मत आहे. त्याच्या बरणीतील दाणा मूलनिवाशांनी जोपासलेला, रीत एका फ्रेंच हलवायाची, बरणी कारखान्यातील, तिच्यातील भय ओळखणारा बेल्जममधील शास्त्रज्ञ, आणि श्रम त्या गृहिणीचे, जिचे नाव सनदेवर बहुधा नसे. इतक्यांचे ऋण मान्य केल्याने त्या कुटुंबाचे धैर्य तिळभरही उणे होत नाही. उलट, कोणाही मनुष्याचा हिवाळा एकट्याच्या बळावर सरत नाही, एवढे त्यावरून कळते; आणि हे कळले म्हणजे ज्यांच्या जमिनीवर तो सरला त्यांची आठवण ठेवणेही ओघानेच येते.